लिमये काकांचे चार्जेस

शेअर ब्रोकरच्या ऑफिसात काम करते म्हटलं की लोकांना वाटतं, हिला टिप्स माहीत असणार. मला टिप्स माहीत नाहीत, मला चार्जेस माहीत आहेत, आणि किस्से जमतात ते त्यातूनच. नफा झालेला माणूस आमच्याकडे फिरकत नाही, तो हॉटेलात जातो. 'माझे अठरा रुपये कुठे गेले' म्हणणारा मात्र खोपटच्या आमच्या ऑफिसचा जिना चढून येतो.

त्या महिन्यात ऑफिसात एकच मोठा प्रश्न होता. लिमये काकांचं अकाउंट राहणार की जाणार? काका रिटायर्ड, राहायला माजिवड्याला. दिवसातून चार-पाच वेळा घेणार, चार-पाच वेळा विकणार. त्यांच्या पुण्याच्या मुलाचा, रोहनचा, मला फोन आलेला. "ताई, सगळे चार्जेस धरून हिशोब काढा. तोटा असेल तर अकाउंट बंद. आई सांगेल तिथे सही करायला बाबा कबूल झालेत."

कबूल झालेले बाबा दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर येऊन बसले. हळूच म्हणाले, "जरा सांभाळून काढ गं हिशोब." मला फार वाईट वाटलं. पण हिशोब मी काढत नाही, सिस्टीम काढते.

*

हेच काका सुरुवातीला ऑर्डर फोनवर द्यायचे. आधी "जेवलीस का", मग माजिवड्याचं ट्रॅफिक, मग "दहा घे". मी सांगितलं, फोनवरच्या प्रत्येक ऑर्डरला पन्नास रुपये जादा लागतात.

दुसऱ्या दिवशी काका रिक्षा करून हजर. "आता समोर येऊन सांगतोय. फोनचा प्रश्नच मिटला."

म्हटलं, "काका, ऑर्डर मीच टाकणार ना? पन्नास लागणारच."

काकांनी पंख्याखालची खुर्ची ओढली. मग म्हणाले, "बरं, आलोच आहे तर चहा सांग." त्यानंतर ते ॲप शिकले.

*

आमच्या बिल्डिंगचे मालक भोईरदादा, राहतात आमच्याच वर. ऑफिसची जागा त्यांची, आणि आमच्याकडे अकाउंटही त्यांचं. एकदा मोबाइल घेऊन खाली आले.

"मना सांग, वरीसभर मी काय घेतला नाय, काय इकला नाय. मंग अकाउंटचा मेंटेनन्स कसला कापलास?"

मी म्हटलं, "दादा, तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट वर्षभर बंद आहे. त्याचा मेंटेनन्स तुम्ही घेता ना?"

"मंग? घेनारच."

"तसंच आहे हे."

दादांना पटलं. इतकं पटलं की पुढच्या महिन्यापासून आमच्या ऑफिसचाही मेंटेनन्स वाढला. साहेब त्यानंतर दोन दिवस माझ्याशी बोलत नव्हते.

*

डोंबिवलीच्या पाटकर बाई, शाळेतून रिटायर झालेल्या. एकदम विकायला जीव होत नाही म्हणून एकाच कंपनीचे रोज दोन-दोन शेअर विकायच्या. मी समजावलं, "बाई, दोन विका की दोनशे विका, त्या दिवसाचा विक्रीचा चार्ज तेवढाच लागतो. रोज कशाला भरता?"

बाईंनी मान डोलावली. पुढच्या आठवड्यात बहीण आणि शेजारीण अशा दोघींना घेऊन आल्या. "आता आम्हा तिघींचे एकदम विक. चार्ज एकच लागेल, तो आम्ही वाटून घेऊ. स्टँडवरच्या रिक्षात बसतो तसं."

म्हटलं, "बाई, तीन अकाउंट म्हणजे तीन चार्ज."

"म्हणजे तिघींना तीन रिक्षा?"

"तीन रिक्षा."

 शेजारणीचं तर अकाउंटच नव्हतं. ती नुसती तिसरी सीट भरायला आलेली.

*

तर लिमये काकांचा हिशोब निघाला. ऐकायला काकू एकट्याच आल्या, कारण मार्केट चालू होतं. काकांनी "हिला सगळं दाखव" असा मेसेज तेवढा पाठवलेला. बंद करायचा फॉर्म मी टेबलावर काढूनच ठेवला होता. त्याच्याकडे बघवत नव्हतं.

मी एकेक आकडा वाचला. महिन्याला काका साधारण तेवीसशे कमावतात. ब्रोकरेज, टॅक्स, जीएसटी, स्टॅम्प ड्युटी, मेंटेनन्स, सगळं मिळून सत्तावीसशे जातात.

काकूंनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे महिन्याला चारशे खिशातले जातात."

"हो काकू."

"आणि हे मार्केट चालू असतं किती ते किती?"

"सकाळी सव्वानऊ ते दुपारी साडेतीन."

"रिटायर झाल्या झाल्या हे दिवसभर स्वयंपाकघरात स्टूल टाकून बसायचे. भाजी कशी चिरायची, गॅस कधी बारीक करायचा, सगळं मला सांगायचे. ते ह्यात धरलंयस का?"

"नाही काकू. ते सिस्टीममध्ये येत नाही."

काकूंनी फॉर्म उचलला, नीट बघितला आणि माझ्याकडे परत सरकवला. "रोहनला मी सांगते काय ते," म्हणाल्या आणि निघाल्या.

अर्ध्या जिन्यातून परत आल्या. दारातूनच विचारलं, "शनिवार-रविवारी चालू असतं असं काही नाही का गं तुमच्यात?"