घड्याळाचा हात

चपलांच्या दुकानात अर्धं आयुष्य काढलेल्या माणसाला डावं-उजवं कळू नये, यावर कुणाचा विश्वास बसेल? पण या गृहस्थांचं तसंच होतं. गिऱ्हाइकाला दोन्ही डावेच बूट बांधून देण्याचा पराक्रम त्यांनी इतक्यांदा केला होता, की मालक त्यांना ‘डावेसाहेब’ म्हणत. साहेबही ते मनाला लावून घेत नसत. देवाने माणसाला दोन पाय दिले तिथेच सगळा घोळ झाला, असं म्हणून मोकळे होत. शेवटी त्यांनी एक युक्ती काढली: घड्याळाचा हात तो डावा. गडबडीत मात्र घड्याळ पाहायचंच राहून जाई.

त्यांची लेक सहा वर्षांची. तान्ही असतानाच नवरा-बायकोने तिला संस्थेतून घरी आणलं होतं. हे सगळ्यांनाच ठाऊक होतं, तिलाही. पाहुणे तिला न्याहाळत, ‘कुणावर गेलीय’ म्हणता म्हणता जीभ चावत, आणि ते जीभ चावणं साहेबांना बोचे. पोरीत आपलं काहीतरी असावं, निदान एखादी खोड तरी, असं त्यांना फार वाटे.

एके दिवशी वर्गाच्या बाईंनी नवरा-बायकोला शाळेत बोलावलं. लेकीचं डावं-उजवं पार उलटं होतं. डावीकडून लिही म्हटलं की ही उजवीकडून सुरुवात करी. कवायतीत सगळा वर्ग एकीकडे वळे, ही दुसरीकडे. असंच चाललं तर तिला पुन्हा याच वर्गात बसवावं लागेल, असं सांगून बाईंनी विचारलं, “घरात आणखी कुणाचं असं होतं का?”

“माझं,” साहेब छाती फुगवून म्हणाले. “माझ्यावरच गेलीय ती.”

बायकोने त्यांच्या पायावर पाय दिला. कुठल्या पायावर, ते त्यांना सांगता आलं नसतं. पण रक्ताचा इथे संबंधच नाही, हे लक्षात आलं आणि चेहरा एवढासा झाला.

बाईंनी हसू आवरलं आणि लेकीला वर्गातून बोलावून घेतलं. “घरी कसं शिकवता, ते दाखवा बरं.”

साहेब लेकीसमोर बुटक्या खुर्चीत कसेबसे मावले. घड्याळाचा हात डावा, असं म्हणत त्यांनी तो वर केला. समोर लेकीनेही त्याच बाजूचा हात उचलला, म्हणजे तिचा उजवा. दुकानात पाय पाहायच्या आरशापुढे दिवस काढणाऱ्या माणसाला एवढं सुचलं नव्हतं. पोर बिचारी शिकवलं तेच चोख शिकली होती.

“समोर नका बसू,” बाई म्हणाल्या, “शेजारी बसा.”

ते शेजारी बसू लागले. लेक हळूहळू सुधारली आणि वरच्या वर्गात गेली. साहेबांना हायसं वाटलं. पण होती ती एक खोडही गेली, म्हणून ते मनातल्या मनात हळहळले.

सुट्टीत ती दुकानात आली. साहेब एक खोकं बांधत होते. तिने झाकण उचललं. “बाबा, दोन्ही डावे आहेत.”

मालक खूश झाले. पोरगी हुशार आहे, कुणावर गेलीय, म्हणाले; जीभबीभ काही चावली नाही.

“बाबांवर,” ती म्हणाली. “त्यांनीच शिकवलंय.”

मालकांनी आधी खोक्याकडे पाहिलं, मग साहेबांकडे. साहेब मान खाली घालून बूट बदलायला आत गेले आणि आनंदाच्या भरात दोन्ही उजवे घेऊन आले.