काडाचं अंथरूण

भिंगरीमावशीला कुणी बसलेलं पाहिलं नव्हतं. चहासुद्धा ती डुकरांच्या शेडच्या दारात उभ्यानंच प्यायची. पण अलीकडे तिच्या पायांची घाई निराळीच होती.

पाच कोवळ्या माद्या. माजावर यायला त्यांना अजून बराच अवकाश होता, तरी मागचा भाग सुजून लाल झाला होता, जणू वेळ झाली. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या खाद्यातला मका तपासून घेतला. त्यावर बुरशी होती आणि बुरशीचं विष, झिअरॅलेनोन. ते मादीच्या संप्रेरकाची हुबेहूब नक्कल करतं, शरीर फसतं. मावशीनं सगळा मका टाकून दिला, तपासलेलं खाद्य आणलं. बाई म्हणाल्या, आता सूज उतरेल.

उतरली नाही.

दीर म्हणाला, या आता कसल्या वितात, खाटकाला बोलावू. या पाचजणींची आई त्यांना विताना गेली होती. मावशीनं त्यांना बाटलीनं दूध पाजून जगवलं होतं. तिनं थोडे दिवस मागून घेतले.

"वहिनी, तुझ्या येरझाऱ्यांनी सूज उतरत असती, तर एव्हाना पोरी सडसडीत झाल्या असत्या," दीर म्हणाला.

ती खाद्य पुन्हा पुन्हा हुंगायची, भांडी घासलेलीच घासायची. थंडी वाढली तसा तिनं काडाचा आणखी एक भारा पसरला. आजारी जिवांना तेवढीच ऊब.

डॉक्टरीणबाई परत आल्या. कठड्याला टेकून नुसत्या बघत राहिल्या. मावशीला ते बघणं सोसेना.

"मावशी, हे काड कुठलं?"

"आपल्याच गव्हाचं. यंदा कापणीत भिजलं होतं जरा. पण वाळवलंय मी."

बाईंनी बोट दाखवलं. धाकटी मादी काड चघळत होती.

"ती बुरशी काडातही असते. वाळवून विष जात नाही."

सूज दिसेल तसं ती काड वाढवत गेली होती. मग तिनं फावडं उचललं. फरशी उघडी पडली, तशा पाचहीजणी एकमेकींना चिकटून कुडकुडू लागल्या. तिनं घरातली गोणपाटं आणून अंथरली.

दीर दारात उभा होता. "आणि तरी नाही उतरली तर?"

"तर मीच बोलावीन खाटकाला."

तो निघून गेला. मावशीनं वाकून पाहिलं. सूज तशीच होती. ती दारापर्यंत गेली, परतली, पुन्हा वाकली.