करगोट्याची किल्ली

पोर आत रडतेय, दाराला कुलूप, आणि किल्ली मामाच्या करगोट्याला! आणि मामाला आत्ताच रिक्षात घालून सिव्हिलला नेलं!

मी दार बडवतेय. "तोडा ना हो कुणीतरी!" तर ऑफिसातले म्हणतात, "जुनं सागवानी दार आहे. साहेबांना विचारल्याशिवाय हात लावता येत नाही." दुसरी किल्ली साहेबांकडं, साहेब मंडणगडला, फोन लागत नाय. आत खिडकी बंद, पंखा बंद. आणि यांना दाराची काळजी!

तुम्ही आमच्या म्युझियममध्ये आला असाल तर मामाला बघितलं असेलच. दारावरचा वॉचमन. बोलायच्या आधी कमरेवर थाप मारून किल्ली चाचपायचा. "किल्ली हाय, काळजी नाय." मग काठीनं बोर्ड दाखवायचा. पिशवी बाहेर, खाणं बाहेर, हात लावू नका. एकदा एक बाई मोठ्या गाडीतून उतरली ती चिप्स खातच आत. मामा म्हणाला, "बाय, आतला वाघ भुशाचा हाय. तो काय मागायचा नाय तुझ्याकडं, खा भायेर बसून." मी फडक्यात तोंड घालून हसले.

मी तिथं लादी पुसते. नवरा मुंबईला, पोरीला बघायला घरी कुणी नाय. तिथं हिरकणी खोली हाय, बाळाला पाजायची, पण तिच्यात मोडक्या खुर्च्या कोंबलेल्या. मामानं त्या एकट्यानं काढल्या, घरनं गोधडी आणली. मी पुसत असले की पोर तिथं झोपायची आणि हा बाहेरून कुलूप लावायचा.

"मामा, कुलूप नको हो."

"गप गो. उठून रस्त्यावर गेली तर? किल्ली हाय, काळजी नाय."

काळजी नाय म्हणे! त्या दिवशी तिकिटाच्या खिडकीशी छाती धरून बसला तो उठलाच नाय. सगळे त्याला उचलायला धावले. किल्ली कुणाच्या डोक्यात?

मग मीच सिव्हिलपर्यंत पळाले. मामा स्ट्रेचरवर, घामानं निथळत. मी शर्ट वर केला, करगोटा ओढला, तुटेना, दातांनी तोडला. नर्स ओरडतेय, "अहो बाई, हे काय करताय!" तेवढ्यात त्यानं माझं मनगट धरलं. घट्ट. त्याचं तिथं कुणी नव्हतं.

"थांब गो," म्हणाला. "जरा थांब."

"तुम्हीच लावलात ना कुलूप!" मी ओरडले. एकेक बोट सोडवलं आणि पळाले.

पोर घामानं चिंब, रडून आवाज बसलेला, पण धड होती. तिला कडेवर घेऊन तशीच परत गेले. स्ट्रेचर रिकामं. नर्स म्हणाली, "आत्ताच गेले ते."

मला अजून राग येतो. त्याचा, त्या दाराचा, ऑफिसातल्यांचा. आता बोर्डावर नवीन ओळ रंगवलीय, कर्मचाऱ्यांनी मुलं आणू नयेत. खोलीत परत खुर्च्या भरल्यात. आणि पोर घरी कमरेवर थाप मारते, "किल्ली हाय" म्हणते. मी तिचा हात धरते तर हसते.

तुम्ही काय केलं असतं? पोर आत कोंडलेली, आणि तो म्हणतोय जरा थांब. थांबला असता तुम्ही? सांगा ना, थांबला असता?