सुनंदाकाकूंनी दिलेलं रेकॉर्डिंग

मंडळी, दुपारपासून मन थाऱ्यावर नाही, म्हणून लिहितोय.

आमच्या मांडवीतल्या शेजारी सुनंदाकाकू. त्यांचे यजमान जाखडीत, म्हणजे कोकणातल्या लोकनाचात, गायचे. गेल्या वर्षी ते वारले. त्यांच्या गाण्याचं मोबाइलवरचं रेकॉर्डिंग काकूंनी मला दिलं होतं. "ह्याचं काहीतरी चांगलं कर हो," म्हणाल्या होत्या.

मी सॉफ्टवेअरमध्ये त्या गाण्याचे तुकडे केले, आवाजाची पट्टी चढवली, तुकडे उलटसुलट जोडले आणि खाली बीट टाकला. आज काकूंना घरी बोलावून ऐकवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाल्या, "छान झालंय रे. पण ह्यांचा आवाज कधी येणार?"

गाणं संपलं होतं. त्यात पहिल्यापासून तेच गात होते.

मी मूळ रेकॉर्डिंग लावलं. पहिल्या ओळीआधी त्यांनी श्वास घेतला आणि तेवढ्यावरच काकूंनी डोळ्यांना पदर लावला.

आवाज साफ करताना तो श्वास मी काढून टाकला होता. आता ती अख्खी ओळ काहीही न बदलता, श्वासासकट गाण्यात परत घेतली आहे. तिथे बीट थांबतो, गाणं थोडं अडखळतं.

तुमच्या गेलेल्या माणसाचा आवाज कुणी असा बदललेला तुम्हाला चालेल का?