आईने शेगडीची जाळी बुजवली

मंडळी, आज घरी जे झालं ते कुणाला तरी सांगायलाच हवं, म्हणून इथे लिहितेय.

नेदरलँड्समधल्या नीउ-व्हेनेपच्या आमच्या घरात लाकडाच्या पेलेट्सवर, म्हणजे दाबलेल्या भुशाच्या कांड्यांवर, चालणारी शेगडी आहे. पुण्याहून आलेली आई आज घरी एकटीच होती. दुपारी मी ॲमस्टरडॅमच्या झुइडास भागात ऑफिसात असताना तिचा फोन आला.

"अगं, छतावरचं ते डबडं केव्हाचं बोंबलतंय!"

तो कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म होता. मी भर मीटिंगमध्ये ओरडले, "आई, आधी घराबाहेर पड!"

"थांब, स्वेटर घालते. डोकं जरा जड झालंय."

फोनमधून तिचा हात धरून ओढता येत नव्हतं ना! शेवटी एकदाची बाहेर पडली. मी फोन करून बोलावलेले अग्निशमनवाले आले, तेव्हा शेगडीला हवा देणाऱ्या भिंतीतल्या जाळीत तिची जुनी सुती साडी कोंबलेली सापडली.

"तिथून गार वारा यायचा," मी घरी पोचल्यावर आई म्हणाली.

ती जाळी उघडीच लागते, हे मी तिला तीनतीनदा समजावलं. तिने मान डोलावली.

शेगडी तपासणी होईपर्यंत बंद आहे. घर गारठलंय. आत्ता माझ्या खोलीत आले, तर खिडकीच्या फटीत तीच साडी, नीट घडी करून बसवलेली. मला थंडी लागू नये म्हणून.

शेगडी पुन्हा सुरू होईल, मी ऑफिसला जाईन. सांगा, या बाईला मी काय सांगू?