अक्षता पडलेला फोटो

जुने फोटो आणि पोस्टकार्डं गोळा करायचं खूळ माझ्या डोक्यात कुणामुळे शिरलं असं रामनगरात विचारलंत, तर लोक मामंजींकडे बोट दाखवतील. मामंजी म्हणजे माझे सासरे. त्यांचं सुपा गाव धरणात गेलं तेव्हा माणसांनी इकडे रामनगरात भांडी आणली, देव आणले, दारांच्या चौकटीसुद्धा उखडून आणल्या. फोटो मात्र ज्याच्या त्याच्या ट्रंकेत कुजत पडले. माझं झेरॉक्सचं आणि फ्रेम करून द्यायचं दुकान आहे. गिऱ्हाईक आलं की मी आधी विचारते, घरात सुप्याचं जुनं काही आहे का? बाजारपेठेचे, शाळेतल्या मुलांचे फोटो, 'इकडील सर्व क्षेम' लिहिलेली पोस्टकार्डं, असं बरंच जमलंय. लोक मला तोंडावर रद्दीवाली म्हणतात. म्हणोत बापडे.

पण या सगळ्यात मामंजींच्या आईचा फोटो नव्हता. ते रांगत होते तेव्हाच ती गेली. मी नवा फोटो आणला की ते चष्मा पुसून एकेका बाईपाशी थांबायचे आणि मलाच विचारायचे, "ह्यात असंल काय गं?" स्वतःच्या आईचा चेहरा सुनेला विचारणाऱ्या माणसाला काय सांगायचं? मी उगाच त्यांच्यावरच खेकसायचे.

यंदा चवथीत, म्हणजे गणपतीत, कुंभारवाड्याच्या पलीकडच्या एका वाडीतला माणूस दुकानात नवी तसबीर न्यायला आला. त्याने घर नवं बांधलं होतं. जुन्या, तडा गेलेल्या तसबिरी उद्या गणपतीबरोबर घालवणार म्हणाला. भंगलेली तसबीर घरात ठेवायची नाही, विसर्जनात द्यायची, ही आमच्याकडची रीतच आहे. मी सवयीने विचारलं. "आज्जीच्या लग्नाचा एक हाय, सुप्यातला," तो म्हणाला, आणि गर्दीत निघूनही गेला.

रात्री जेवताना मी ते सहज सांगितलं. वाडीचं आणि घराण्याचं नाव ऐकलं आणि मामंजींचा घास हातातच राहिला. "ती माझी मावशी गं. गाव उठल्यावर ती मानसं रानाकडं गेली, येनंजानं तुटलं. तिच्या लग्नात माझी आई करवली हुती."

करवली म्हणजे नवरीच्या शेजारी हातात करा घेऊन उभी असणारी बहीण. म्हणजे चेहरा ओळखायला कुणाला विचारायचीही गरज नव्हती. मी त्या माणसाचा नंबर शोधून फोन लावत राहिले. त्या वाडीत रेंज कुठली असायला? सकाळी उठल्या उठल्या स्कूटर काढली. बस आहे, पण ती तिच्या मर्जीने येते. मी निघाले तेव्हा मामंजी बाहेर कट्ट्यावर येऊन बसले होते.

रस्ताभर पाऊस होता. एका वळणावर झाड आडवं पडलेलं. लोकांनी फांद्या तोडून वाट मोकळी करेपर्यंत मी तिथे नुसती हात चोळत उभी. सगळा जीव त्या तडकलेल्या काचेत अडकलेला. वाडीत पोचले तेव्हा उत्तरपूजा झाली होती. गणपती जागचा हलवला होता, आणि त्याच्याजवळच्या बुट्टीत, वेताच्या टोपलीत, तसबिरी रचून ठेवल्या होत्या. सगळ्यांत वर लग्नाचा फोटो. त्यावर निरोपाच्या अक्षता पडलेल्या होत्या.

मी हात पुढे केला तशी घरची बाई मध्ये आली. "अक्का, हात लावू नगा. अक्षता पडल्यात. आता ते आमचं न्हवं."

मी सगळं सांगितलं. सासऱ्यांची आई, ते एवढेसे असताना गेलेली, दुसरा फोटो नाही. बाईच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती जागची हलली नाही. "वायट वाटतंय ओ. पर निरोप दिलेलं मागं घेतलं तर घराला बरं न्हाई. नव्या घरात पयलीच चवथ हाय आमची."

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. कागदाला कसला निरोप, असं अगदी ओठावर आलं होतं. पण माझ्याच घरात मीही तेच केलं असतं, हे मला माहीत होतं, आणि त्याचाच जास्त राग येत होता. मग बुट्टी डोक्यावर चढली, झांजा वाजायला लागल्या, आणि मी चिखलातून त्यांच्यामागून चालायला लागले.

ओढा गढूळ, भरून वाहत होता. काठावर मी घरधन्याची, दुकानात आलेल्या त्या माणसाची, वाट अडवली. "मी हात लावत नाही. घरात काही आणत नाही. मोबाईलवर फोटो काढते, एवढंच." त्याने बायकोकडे बघितलं. तिने पाण्याकडे बघितलं. हो म्हणाली नाही, पण नकोही म्हणाली नाही. त्याने फ्रेम हातात धरली.

काचेत आभाळच दिसत होतं. मी छत्री आडवी धरली तर माझीच सावली पडली. काचेवरून पाणी ओघळत होतं. मागून कुणीतरी "आटपा ओ, पानी चढतंय" म्हणून ओरडलं. तेव्हा त्याने आपणहून फ्रेम थोडी तिरकी केली, आणि एकदम नवरी दिसली, आणि तिच्या बाजूला हातात करा घेतलेली पोर. मी बटण दाबत सुटले.

मग त्याने फ्रेम पाण्यात सोडली. एवढी वर्षं असले फोटो गोळा करणारी मी, एका हाताच्या अंतरावरून बघत राहिले. "ह्ये पानी धरनातच जातंय अक्का," तो हळूच म्हणाला. "आपल्या गावालाच चालली ती." मला रडू फुटलं ते तिथे.

परत आले तर मामंजी कट्ट्यावर तसेच बसलेले. सकाळचा चहा शेजारी गार होऊन गेलेला. "गावली?" त्यांनी विचारलं. मी मोबाईल काढला आणि नको ते बोलून गेले. सगळी हकिगत सांगितली, अगदी बुट्टीसकट.

त्यांचा हात मागे गेला. "अक्षता पडल्या हुत्या?"

"हो."

"मग कशाला काढलास गं फोटू?"

दिवसभराची चिडचिड माझ्या तोंडातून बाहेर पडली. म्हटलं, तुमच्यासाठी भिजत गेले, लोकांच्या दारात भांडले, आता तुम्ही पण तेच ऐकवा! पुसून टाकते, म्हणजे सगळ्यांचं समाधान होईल! मी खरोखरच पुसायला बोट नेलं होतं. मामंजींनी माझं मनगट धरलं.

"थांब. हितं भाईर बघतो. घरात न्हाई न्यायचा."

त्यांनी चष्मा पुसला. मी करवलीचा चेहरा मोठा करून दिला. ते मोबाईल कधी जवळ, कधी लांब धरून बघत राहिले. चुकीची बाई असली तर?

"अगं, ही तर आपल्या नातीएवढी हाय," ते म्हणाले. मग मोबाईल तोंडाजवळ नेऊन, मी तिथे नसल्यासारखे, "आई, मी म्हातारा झालो गं," म्हणाले.

पावसाची सर आली. कट्टा भिजायला लागला. मी त्यांना हाताला धरून उठवलं आणि मोबाईल मागितला. त्यांनी तो दिला नाही. छातीशी धरून दारापर्यंत आले आणि उंबऱ्यापाशी थबकले. मी म्हटलं, द्या, शेजारच्या घरी ठेवून येते.

"शेजारी?" ते माझ्यावर डाफरले. "एवढ्या वर्सानं घरला आलेली बाई, तिला शेजारी ठिवतीस? जा, भाकरतुकडा आन."

मी चुलीपाशी गेले, भाकरीचा तुकडा मोडला, तांब्यात पाणी घेतलं, आणि पदर डोक्यावरून घेऊन दारात आले. मामंजींनी मोबाईल दोन्ही हातांनी समोर धरला होता. मी तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून पावसात टाकला, उंबऱ्यावर पाणी सोडलं आणि म्हटलं, "या आत."