सगळ्या जिल्ह्याचं सर्वर डाऊन

केजला तहसील कचेरीसमोर माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान होतं. तीन महिन्यांचा कोर्स, भिंतीवर फ्रेम केलेलं त्याचं सर्टिफिकेट, आणि एवढ्या भांडवलावर अख्खा बाजार मला ‘सर’ म्हणायचा. सर म्हणवून घ्यायची सवय लागली की ‘मला माहीत नाही’ एवढं तोंडातून निघत नाही. माझं तर पहिल्याच महिन्यात निघायचं बंद झालं.

तेव्हा आमच्याकडं इंटरनेट टेलिफोनच्या तारेतून यायचं. भिंतीतली तार मोडेममध्ये, मोडेमची तार कॉम्प्युटरमध्ये. पडद्यावर पासवर्ड घालून ‘कनेक्ट’ दाबायचं. जोडलं गेलं नाही तर ६७८ असा आकडा यायचा, म्हणजे पलीकडचा कॉम्प्युटर ओ देत नाही.

खंडेनवमीला ज्याच्या त्याच्या हत्याराची पूजा. शेजारच्या टेलरनं मशीन पुजलं, त्याच्या पलीकडच्यानं वेल्डिंगचा सेट पुजला, मग मी कसा मागं राहतो? सगळ्या तारा काढल्या, मोडेम फडक्यानं पुसला, हळदीकुंकू वाहिलं आणि झेंडूची इतकी भरगच्च माळ घातली की मोडेम दिसेनासा झाला. नवमी आणि दसरा, दोन दिवस कशाला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी तारा परत जोडल्या. माळ तशीच राहू दिली, कारण पूजेची माळ वाळल्याशिवाय काढू नये असं आई सांगायची.

त्याच दिवशी दहाच्या सुमाराला एक बाई बारावी झालेल्या लेकीला घेऊन आली. नर्सिंगचा फॉर्म भरायचा होता. शेवटचा दिवस, संध्याकाळी पाचपर्यंत मुदत. त्यांच्या टोळीचा ट्रक मात्र बारा वाजता ऊसतोडीला निघणार होता.

“फारम भरला तर ही मामाकडं ऱ्हाईल, तिथून होस्टेलला जाईल,” बाई म्हणाली. “न्हाई भरला तर आमच्यासंगं कोयता. घरी एकटी कुणाच्या भरोशावर ठिवू?”

मुलीनं कागदांची पिशवी मांडीवर दोन्ही हातांनी धरली होती. मी ‘कनेक्ट’ दाबलं. ६७८.

पुन्हा दाबलं. पासवर्ड हळू टाकला, मग जोरात बटणं आपटून टाकला. कनेक्शन पुसून नवीन बनवलं. कॉम्प्युटर दोनदा बंद-चालू केला. काहीतरी हलताना दिसावं म्हणून व्हायरसची तपासणीही लावून दिली. शेवटी हेल्पलाइनला फोन केला. तिकडच्या बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, “मोडेमवरचा लाइनचा दिवा लागलाय का?”

गिऱ्हाइकांसमोर मला असला बालवाडीतला प्रश्न! “मॅडम, मी स्वतः कॉम्प्युटर शिकवतो. लागलाय दिवा,” मी म्हणालो. शिकवत मी कुणालाच नव्हतो, आणि दिवा झेंडूच्या खाली होता. पण सरांनी माळ उचलून बघितलं नाही.

साडेअकराला मुलीची नजर रस्त्यापलीकडच्या दुकानाकडं गेली. तिथला पोरगेला मालक माझ्यानंतर वर्षभरानं या धंद्यात आलेला. आपलं गिऱ्हाईक आता त्याच्याकडं जाणार. मी खुर्ची मागं सरकवून म्हणालो, “सगळ्या जिल्ह्याचं सर्वर डाऊन हाय. कुठंच व्हायचं न्हाई.” नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, मी अख्खा जिल्हा वाकडा केला.

त्यांनी विश्वास ठेवला. ट्रकचा हॉर्न वाजला तशा दोघी उठल्या. “तुमी लई खटपट केली सर,” बाई म्हणाली. मुलीनं कागदांची पिशवी उचलली.

एक वाजता मोडेमचा खटका दाबून बघावा म्हणून माळ काढली. लाइनचा दिवा विझलेला. मागं हात घातला तर भिंतीतली तार टेबलाखाली लोळत पडलेली, आणि मोडेममध्ये मी खोचलेली दुसरीच एक जुनी तार, जिचं दुसरं टोक कुठंच गेलेलं नव्हतं. तार बदलली, ‘कनेक्ट’ दाबलं. पहिल्या फटक्यात लागलं.

तोंडावर पाणी मारलं नि मोटारसायकल काढली. फॉर्मसाठी त्या बाईनं दिलेला मोबाइल नंबर बंद लागत होता. ट्रक मांजरसुंब्याला थांबतील, दुसऱ्या गावच्या टोळ्या तिथं येऊन मिळतात, एवढं ठाऊक होतं. वाटभर स्वतःला ज्या शिव्या दिल्या त्या इथं लिहिण्यासारख्या नाहीत.

ट्रक ढाब्यासमोर सापडला. मुलगी मागं भांड्यांच्या पोत्यावर बसली होती. “सर्वर चालू झालं,” मी खालून ओरडलो. हेही अर्धं खोटंच. ट्रक थोड्या वेळात निघणार होता, केजला जाऊन यायला वेळ नव्हता, म्हणून तिथल्याच एका दुकानात तिघं गेलो. मी सवयीनं मालकाच्या खुर्चीमागं उभा राहून इथं दाबा, तिथं दाबा करायला लागलो. “तुमी बसा बरं बाकावर,” तो म्हणाला. बसलो. पंधरा मिनिटांत फॉर्म गेला. पावतीचा कागद हातात आला तशी मुलगी रडायला लागली. मी भिंतीवरचं कॅलेंडर बघायला लागलो.

मुलीला केजच्या जीपमध्ये बसवून दिलं, तिचा मामा स्टँडवर येणार होता. बाई ट्रककडं निघाली. मला राहवलं नाही. तार मीच चुकीची जोडली होती, सर्वरचं खोटं सांगितलं, असं एका दमात बोलून टाकलं. ती थांबली. चिडेल असं वाटलं होतं.

“मग तसं का न्हाई म्हणला सर?” तिनं विचारलं. “तुमचं बंद हाय म्हणला असता, तर आमी समोरच्या दुकानात गेलो असतो.”

आवाजात राग नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं.